साडेअकरा पौंड दरमहा : बाबासाहेबांच्या उच्च शिक्षणाचा जमाखर्च

उन्हाळा सरत आला की आपल्या मंडळाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणाची मुलगी अमेरिकेला एम.एस.साठी निघालेली असते, कुणाच्या मुलाला जर्मनीहून प्रवेशाचं पत्र आलेलं असतं. पेढ्यांचा डबा फिरत असतानाच हळू आवाजात कर्जाचा आकडा विचारला जातो. फ्लॅट तारण ठेवलाय का, जामीन कोण राहिलं, डॉलर आणखी चढला तर काय. पोराने आधीच बी.ई.साठी कर्ज काढलेलं असेल तर आईवडिलांच्या चेहऱ्यावर आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम दिसतात.

या लेखासाठी आम्ही निवडलेलं चरित्र सर्वांच्या माहितीचं आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी घटना लिहिली, चळवळी केल्या, धर्मांतर केलं, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. आम्ही मात्र त्यांच्या आयुष्यातली पंधरा-वीस वर्षंच घेणार आहोत आणि त्यांच्याकडे एकाच बाजूने पाहणार आहोत: शिकायला पैसा कुठून आला, आणि त्या पैशाबरोबर कोणकोणत्या अटी आल्या. या हिशेबात आपलं बडोदं दोनदा येतं. पहिल्यांदा येतं ते आपण समारंभात सांगतो. दुसऱ्यांदा येतं ते सांगताना आपल्यातले बरेच जण घाई करतात. म्हणून इथे दोन्ही सावकाश सांगतो.

जन्म १४ एप्रिल १८९१, महू. म्हणजे इंदूरशेजारची लष्करी छावणी. आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरातला जन्म. वडील रामजी मालोजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. भीमराव हे आईवडिलांचं चौदावं अपत्य. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब पुढे साताऱ्याला आणि नंतर मुंबईला परळच्या चाळीत आलं. घर पेन्शनीवर चालायचं. पोराला पुस्तकांचा नाद असा, की शाळेची पुस्तकं सोडून इतर पुस्तकंही हवी असायची. तेव्हा सुभेदार काय करत? लग्न होऊन गेलेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे ठेवत आणि पुस्तक घेऊन येत. पेन्शन हातात पडली की दागिना सोडवून परत मुलीच्या हवाली. एकीकडे नसला तर दुसरीकडे. बाबासाहेबांच्या शिक्षणातलं पहिलं कर्ज हे असं बहिणींच्या दागिन्यांवर काढलेलं आहे. या बहिणींची नावं, मंजुळा आणि तुळसा, चरित्रांत एखाद्या ओळीत येऊन जातात. आम्हाला वाटतं त्यांना थोडी जास्त जागा मिळायला हवी होती.

१९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही मोठी घटना, म्हणून सत्काराची सभा झाली. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. केळुसकर हे शिक्षक आणि लेखक; शिवचरित्रकार म्हणून जुन्या वाचकांना ते ठाऊक असतील. बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. पुढे इंटरची परीक्षा झाली आणि सुभेदारांचा हात पुरता आखडला. कॉलेज थांबणार असं दिसू लागलं. मागासलेल्या समाजातला लायक विद्यार्थी असेल तर आपण मदत करू, असं सयाजीराव महाराजांनी जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. ते केळुसकरांनी लक्षात ठेवलं होतं. ते भीमरावांना घेऊन महाराजांना भेटले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं पसंत पडली, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजातले प्रा. म्यूलर पुस्तकं देत, कपडेही देत. अशा रीतीने १९१२ च्या अखेरीस अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए.ची परीक्षा पार पडली.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवण्यासारखी आहे. शिष्यवृत्ती होती, पण ती कोणी घरी आणून दिली नाही. कोणाला तरी ती आहे हे माहीत असावं लागलं, आणि त्या माणसाने मुलाला हाताला धरून योग्य दारापर्यंत न्यावं लागलं. आजही गावोगावच्या ट्रस्टच्या, समाजाच्या, विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांची तीच गत आहे.

बी.ए. होताच जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. वडिलांना हे पसंत नव्हतं. बडोद्यात मुलाला कसं वागवतील याचा अंदाज त्या वृद्ध सुभेदाराला असावा. पण ज्या संस्थानाने शिकवलं त्याची चाकरी करायची हे मुलाने मनाशी ठरवलं होतं. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या प्रवासात वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटून गेली. घरी पोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार गेले. सुरतेहून मुंबईला जाताना आपल्यापैकी कितीतरी जण आजही घारीचा पुडा घ्यायला त्याच स्टेशनवर उतरतात.

वडील गेले, घरात बायको रमाबाई आणि तान्हा यशवंत. अशा स्थितीत मुंबईत नोकरी धरणं हेच शहाणपणाचं म्हटलं गेलं असतं. तेवढ्यात सयाजीराव महाराज मुंबईत होते आणि काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवायचा त्यांचा विचार चालला होता. महाराज स्वतः अमेरिका पाहून आले होते; बडोद्याची ग्रंथालयं उभी करायला त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला, तोही याच काळात. भीमरावांनी अर्ज केला आणि निवड झाली. ४ जून १९१३ रोजी संस्थानच्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारनाम्यावर सही झाली.

आता त्या करारातल्या अटी. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, १५ जून १९१३ पासून १४ जून १९१६ पर्यंत. ठरवून दिलेल्या विषयांच्या अभ्यासात वेळ घालवायचा. आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानात नोकरी करायची. त्या वेळी एक पौंड म्हणजे पंधरा रुपये हा भाव सरकारने बांधलेला होता. म्हणजे महिन्याला साधारण एकशे बाहत्तर रुपये, आणि तीन वर्षांचे मिळून सहा हजार दोनशेच्या आसपास. मुंबईत ही रक्कम भरघोस, न्यूयॉर्कमध्ये बेताची. कर्ज शब्द करारात ठळक नव्हता, पण तीन वर्षांच्या मोबदल्यात दहा वर्षं लिहून दिलेली होती. आजच्या भाषेत हा बाँड. तरुण मुलं बाँडवर सही करताना रक्कम वाचतात, वर्षं वाचत नाहीत, असं आम्हाला नेहमी दिसतं. भीमरावांनी वर्षंही वाचली असणार. पण त्यांच्यापुढे दुसरा कागद नव्हता.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. आधी हार्टली हॉल, तिथलं जेवण मानवेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लब, आणि मग लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पैशाच्या प्रत्येक वळणावर ते येणार आहे.

साडेअकरा पौंडांत स्वतःचं भागवायचं आणि वर घरी रमाबाईंनाही पाठवायचं. त्यामुळे नाटक-सिनेमा नाही, मौजमजा नाही, जेवणही मोजकं. खर्चाची एकच चैन होती, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं घेणं. सुमारे दोन हजार पुस्तकं त्यांनी तिथे जमवली. अभ्यासाचा आवाका पाहिला तर वाटतं की संस्थानच्या एकेका पौंडाचा त्यांनी पुरेपूर वसूल केला: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन. १९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, तो पुढे प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला. विद्यापीठाचे प्रा. सेलिग्मन आणि प्रा. ड्युई हे त्यांचे गुरू; ड्युईंचं ऋण तर ते जन्मभर मानत आले.

पण पीएच.डी.ची पदवी हातात पडली नाही. कोलंबियाचा तेव्हाचा नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पदवी द्यायची नाही. छपाईला पैसे लागत. प्रबंध छापून प्रसिद्ध व्हायला १९२५ उजाडलं आणि पदवी अधिकृतपणे मिळाली १९२७ मध्ये. बुद्धीचं काम १९१६ ला संपलं होतं. अर्पणपत्रिकेत त्यांनी सयाजीराव महाराजांचं नाव घातलं, शिक्षणाच्या कामी केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून. मधल्या काळात बडोद्यात काय घडलं होतं हे ठाऊक असलेल्या वाचकाला ते पान जास्त काही सांगून जातं.

जून १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कहून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्हीकडे नाव घातलं. वर्ष पुरं होतं न होतं तोच संस्थानकडून बोलावणं आलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती, दिवाण मनुभाई मेहता होते. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून निघावं लागलं. प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने विद्यापीठाने एवढी सवलत दिली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. ही सवलत म्हणजे त्यांच्या आयुष्यातली एक घड्याळाची किल्लीच ठरली. चार वर्षांत पैसा उभा राहिला तर पदवी, नाहीतर सगळं पाण्यात.

पाण्यात काही खरोखरच गेलं. महायुद्ध चालू होतं. ते स्वतः ज्या बोटीने आले ती सुखरूप पोचली, सामानाची बोट पाणतीराने बुडाली. २१ ऑगस्ट १९१७ ला ते मुंबईत उतरले तेव्हा बडोद्याला जायच्या भाड्याचीही पंचाईत होती. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये आले, त्यातून बडोद्याचा प्रवास झाला.

आता दुसरं बडोदं.

महाराजांनी त्यांना स्टेशनवर उतरवून घेण्याची आज्ञा केली होती. कोणी आलं नाही. हिंदू खाणावळीत, धर्मशाळेत जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारशाळेत वरच्या मजल्यावर, अडगळ भरलेल्या दालनात, पारशी नाव लावून त्यांनी बिऱ्हाड केलं. भाडं दिवसाला दीड रुपया. महिन्याला पंचेचाळीस. त्या काळी एवढ्यात मध्यमवर्गी कुटुंब अख्खं घर घेऊन राहत असे. अंधाऱ्या खोलीत एकट्याने रात्र काढायची, दिवसा कचेरीत जायचं. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकायचे. पिण्याचं पाणी मिळायचं नाही. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला, संस्थानच्या पैशानेच शिकून आलेला अधिकारी संस्थानच्याच कचेरीत तहानलेला बसायचा.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. जागा सोडायला त्यांना काही तासांची मुदत मिळाली. त्यांनी दोन ओळखीच्या माणसांकडे विचारणा केली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघेही सुशिक्षित, दोघेही गोड बोलून नाही म्हणाले. मग मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. आपण मुलांना घेऊन टॉय ट्रेनमध्ये बसायला जातो तीच ही बाग. आज तिथली ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला हजारो माणसं तिथे येतात.

महाराज चांगले होते, चुकी त्या पारशांची, असं सांगून हा प्रसंग मोकळा केला जातो. आम्हाला ते पटत नाही. पारशांनी हाकललं हे खरं. पण पारशी उतारशाळेत जायची वेळ का आली? त्या काळी दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, मांडवीच्या आसपास मराठी सरदार, मानकरी, कारकून, वकील, मास्तर यांची वस्ती होती. संस्थानच्या कचेऱ्या मराठी माणसांनी भरलेल्या होत्या. आपल्यातल्या पुष्कळांचे पणजोबा-खापरपणजोबा त्याच नोकरीसाठी इकडे आले. १९०६ साली सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं, त्याचा अभिमान बाळगणाऱ्या या गावात मराठी बोलणाऱ्या एका उच्चविद्याविभूषित माणसाला मराठी घरात एक खोली मिळाली नाही. केळुसकरांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. बडोद्यातल्या एका प्राध्यापकाने त्यांना पैसे घेऊन घरी ठेवायचं कबूल केलं. भीमराव परत आले, तर स्टेशनवरच चिठ्ठी मिळाली की घरच्या मंडळींची तयारी नाही. ते तिथूनच मागे फिरले. महाराजांच्या हुकुमाची मर्यादा इथे दिसते. तिजोरीतून पैसा हुकुमाने निघतो, माजघराचं दार हुकुमाने उघडत नाही.

नोकरी सुटली. त्याबरोबर करार मोडला, कारण दहा वर्षांतली दहा आठवडेही भरली नव्हती. जी शिष्यवृत्ती होती तिची संस्थानच्या दफ्तरी परतफेडीची रक्कम झाली आणि पुढे तिची मागणीही करण्यात आली. नोकरी करणं अशक्य कोणी केलं हा प्रश्न हिशेबाच्या वहीत बसणारा नव्हता.

आता खरी अडचण. घर चालवायचं, आणि चार वर्षांच्या आत लंडनला परतायचं. संस्थानाकडे पुन्हा हात पसरायची सोय नाही. मुंबईत त्यांनी खासगी शिकवण्या धरल्या. शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा कोण जातीचा हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं थांबलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली, पगार दरमहा ४५०. विद्यार्थी वर्गात दाटी करायचे, काही सहकारी प्राध्यापक मात्र त्यांनी स्टाफच्या माठातलं पाणी घेऊ नये म्हणून कुरकुरायचे.

साडेचारशे ही त्या वेळी मोठी मिळकत. माणूस आरामात बंगल्यात राहिला असता. हे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिलं. पगार झाला की ठराविक रक्कम घरखर्चाला रमाबाईंच्या हाती, बाकी लंडनसाठी बाजूला. दीड वर्षाच्या आत लंडनची पुंजी जमली ती या दोन खोल्यांतल्या काटकसरीतून. बचत त्यांची म्हणून आपण मोजतो, पण तेवढ्याच पैशांत महिना निभावून नेणारी बाई घरात नसती तर ती शिल्लक पडली नसती. १९१३ ते १७ मध्ये तिने तेच केलं होतं, आणि १९२० ते २३ मध्ये तिला परत तेच करायचं होतं.

मार्च १९२० मध्ये त्यांनी कॉलेज सोडलं. त्याच सुमारास मूकनायक सुरू झालं होतं, माणगावची परिषद झाली होती, कोल्हापूरचे शाहू महाराज पाठीशी उभे होते. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची काही मदत आणि नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये, असा तीन वाटांनी पैसा जमवून जुलैत ते बोटीत बसले. या वेळी कुणा संस्थानचा बाँड नव्हता. कर्ज होतं ते मित्राचं. एका पारशाच्या दारातून काठीने बाहेर काढलेल्या माणसाला दुसऱ्या पारशाने पाच हजार दिले, हेही त्याच तीन वर्षांत घडलं.

लंडनमधल्या दिवसांबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, थोडा मुरांबा, चहा. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, तिथून इंडिया ऑफिसचं किंवा विद्यापीठाचं. दुपारचं जेवण वगळलेलं, कारण त्याला पैसे नाहीत आणि वेळही नाही. रात्री भूक असह्य झाली की एका ओळखीच्या गुजराती गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे. आपल्याकडून परदेशी गेलेल्या पोरांच्या बॅगेत आजही पापड-खाखऱ्याची चळत असते. ती भरणाऱ्या आयांनी हे वाचावं.

पण आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती रुपयाची गोष्ट, कारण ती आजच्या घरांना थेट लागू पडते. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव खूप चढला होता, दोन शिलिंगांच्याही वर गेला होता. दोन शिलिंग धरले तर पौंडाला दहाच रुपये पडतात. पुढच्या वर्षभरात रुपया कोसळून सोळा पेन्सांच्या आसपास आला, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये. हिशेब करून पाहा. मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये चढत्या भावाने पाचशे पौंड होतात, पडत्या भावाने तीनशे तेहतीस. माणसाने काही उधळलं नाही, आजारी पडला नाही, आणि तरी त्याच्या शिक्षणाचा एक तृतीयांश पैसा नुसत्या भावाने खाल्ला. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना लंडनहून पत्र लिहून दोनशे पौंड मागितले. कायद्याच्या शिक्षणाची फी आणि परतीचं भाडं, या दोन्हींना पैसे पुरत नव्हते, आणि कारण हेच, हुंडणावळीचा भाव.

आणि त्याच वेळी ते टेबलाशी बसून डी.एस्सी.चा जो प्रबंध लिहीत होते त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न! चलनाचं मूल्य कोण ठरवतं, रुपये किती काढायचे याला बंधन नसलं तर काय होतं, आणि रुपयाचं स्थैर्य पौंडाच्या भावावर मोजायचं की देशातल्या किमतींवर. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या मतालाही त्यांनी विरोध केला. हा प्रबंध कोरडा आहे असं म्हणतात. आम्ही तो पूर्ण वाचल्याचा दावा करत नाही, पण लिहिणाऱ्याच्या खिशात काय शिल्लक होतं हे कळल्यावर त्यातले आकडे तितके कोरडे वाटत नाहीत.

१९२१ मध्ये लंडनची एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टरी. मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातलं होतं, ते पुढे तसंच राहिलं. डी.एस्सी.चा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झाला. परीक्षकांना त्यातली मांडणी जहाल वाटली आणि निष्कर्ष न बदलता काही भाग पुन्हा लिहावा असं त्यांना कळवण्यात आलं. तोवर पैसा संपला होता. दुरुस्तीसाठी लंडनमध्ये थांबणं परवडणारं नव्हतं. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, प्रबंध परळच्या चाळीत बसून पुन्हा लिहिला, टपालाने पाठवला, आणि वर्षअखेरीस डी.एस्सी. मिळाली. पुस्तक लंडनमध्ये छापून निघालं, ते त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं.

पदव्या झाल्या, आणि वकिलीची सनद घ्यायला पैसे नाहीत! पुन्हा नवल भथेना. नंतरची काही वर्षं वकिली जेमतेम चालली, म्हणून एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घरात भर घातली. चौकशी करायला येणाऱ्या पालकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो: जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांच्या पदव्या आणि बॅरिस्टरी असलेल्या माणसालाही घडी बसायला काही वर्षं लागली. पदवी मिळाली की दुसऱ्या महिन्यापासून हप्ता फिटू लागेल, असं गृहीत धरू नये.

सयाजीराव महाराजांशी त्यांचं नातं तुटलं नाही. नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली तेव्हा बडोद्याचे महाराज संस्थानिकांपैकी एक म्हणून आणि त्यांचा जुना शिष्यवृत्तीधारक अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून, असे दोघेही परिषदेचे सभासद होते. महाराज १९३९ मध्ये निवर्तले.

१९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, ती त्यांच्याच आग्रहाने. परदेशी शिक्षणासाठीही त्यांनी सरकारकडून पैसा मिळवला. मॅट्रिकनंतरची ती योजना बदलत बदलत आजही चालू आहे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. तिथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या मुलाला नोकरी न सोडता शिकता यावं.

आपल्या सभासदांपैकी काहींच्या घरी संस्थानी नोकरीतल्या आजोबा-पणजोबांची जुनी दफ्तरं, पत्रं, खासगी रोजनिशा अजून ट्रंकेत पडून आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. १९१३ ते १९१८ या वर्षांतलं काही सापडलं, मग ते कचेरीचं असो की घरखर्चाचं टिपण, तर मंडळाच्या कार्यालयात आणावं. मोडी वाचणारे दोन सभासद मदतीला आहेत. कागद त्याच दिवशी फोटो काढून परत दिले जातील.